किड्यांच्या पोटातील यीस्ट आणि आपले आरोग्य

पिकलेली केळी किंवा कापलेला फणस घरात दोन दिवस राहिला की त्याच्याभोवती बारीक चिलटे जमतात. ती येतात कोठून, हा प्रश्न घरोघरी विचारला जातो. जुनी मंडळी म्हणतात, ‘फळातूनच निपजतात.’ तसे अर्थातच नाही. ही चिलटे, म्हणजेच फळमाश्या, वासावर येतात. गंमत अशी की, हा वास नुसत्या फळाचा नसतो. फळाच्या सालीवर आणि गरावर वाढणाऱ्या यीस्टचा त्यात मोठा वाटा असतो. बेल्जियममधील ल्युव्हेन येथील शास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये हे प्रयोगाने दाखवून दिले. हा सुगंध तयार करणारे एकच जनुक त्यांनी यीस्टमधून काढून टाकले. तेवढ्याने फळमाश्यांची त्या यीस्टकडे असलेली ओढ बरीच कमी झाली.

यात दोघांचाही फायदा आहे. यीस्टमधून माशीला प्रथिने आणि ‘ब’ जीवनसत्त्वे मिळतात. यीस्टला पंख नाहीत, पाय नाहीत. माशीच्या अंगावर आणि पोटात बसून ते एका फळावरून दुसऱ्या फळावर जाते. माशीला जेवण आणि यीस्टला वाहन, असा हा रोखीचा व्यवहार आहे. गेल्या काही दशकांत शास्त्रज्ञ किडे, भुंगे, डास आणि अळ्या यांची पोटे तपासू लागले, तेव्हा साखर आंबवणाऱ्या यीस्टच्या पूर्वी कोणालाही ठाऊक नसलेल्या कितीतरी जाती त्यांच्या हाती लागल्या.

‘डॉक्टर, किड्याच्या पोटात काय आहे ते घेऊन आम्ही काय करायचे?’ असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. तो रास्त आहे. पण अतिदक्षता विभागात ठेवलेल्या एखाद्या नवजात बालकाच्या रक्तात ‘फंगस’ निघाले असे नातेवाइकांना सांगितले जाते, तेव्हा हाच विषय एकदम घरातला होतो. म्हणून आज त्याची नीट ओळख करून घेऊ.

यीस्ट म्हणजे नेमके काय?

यीस्ट ही एकपेशीय बुरशी आहे. आपल्याकडे तिला खमीर म्हणतात, शास्त्रीय मराठीत किण्व. एका मिलिमीटरच्या रेघेवर सुमारे दोनशे पेशी एका रांगेत मावतील, इतकी ती लहान असते. साखर खाऊन अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड वायू तयार करणे हा अनेक यीस्टचा उद्योग. वायूमुळे पाव फुगतो आणि अल्कोहोलमुळे रसाची दारू होते. इडलीचे पीठ फुगते त्यात मात्र जिवाणूंचा वाटा मोठा असतो. यीस्ट तेथे जोडीला असते.

कोकणातल्या वाचकांना याचे उत्तम उदाहरण घराजवळच सापडेल. माडाची पोय छेदली की जो गोड रस ठिबकतो, ती नीरा. त्यात दहा ते पंधरा टक्के साखर असते. पहाटेची नीरा गोड लागते. ऊन चढले की ती फेसाळते, आंबट होते आणि तिची माडी बनते. या रसात यीस्ट कोणी घातले? कोणीही नाही. काही आधीच्या मडक्यातून आणि कोयत्यावरून येते, तर काही रसावर घोंघावणाऱ्या मधमाश्या व माश्या घेऊन येतात. म्हणूनच नीरा गोड राहावी यासाठी मडक्याला आतून चुना लावतात आणि रस थंड ठेवतात. चुन्यामुळे यीस्ट आणि जिवाणू यांची वाढ रोखली जाते.

मुंबईच्या पावाचे मूळही याच माडीत आहे. गोव्यात पोर्तुगीज काळात पाव भाजू लागले तेव्हा आजच्यासारखे डब्यातले यीस्ट नव्हते. पीठ फुगवण्यासाठी माडी वापरली जात असे. हेच गोवेकर बेकरीवाले पुढे मुंबईत आले. गिरगाव, धोबीतलाव, माझगाव भागात त्यांच्या भट्ट्या पेटल्या आणि चहाबरोबरचा पाव लालबाग-परळच्या गिरणी कामगाराच्या न्याहारीत जाऊन बसला. त्या पावाला फुगवणाऱ्या यीस्टपैकी काही तरी माशीच्या पायाने माडावर चढले असणार, हे लक्षात घेतले म्हणजे किड्यांची फारशी किळस वाटू नये.

परळशी असलेले जुने नाते

यीस्ट आणि क्षुद्र जीव यांच्या संबंधाचा अभ्यास वैद्यकाला नवा नाही. रोगप्रतिकारशक्तीचे एक मोठे रहस्य त्यातूनच उलगडले.

रशियन शास्त्रज्ञ एली मेचनिकोव्ह यांनी १८८४ मध्ये डबक्यात राहणाऱ्या ‘डॅफ्निया’ या जीवाच्या रोगावर निबंध प्रसिद्ध केला. त्याला पाणपिसू म्हणतात. तो खरे तर कीटक नव्हे, कोळंबी-खेकड्यांच्या नात्यातला आहे. त्याचे शरीर काचेसारखे पारदर्शक असल्याने आत चाललेला प्रकार सूक्ष्मदर्शकाखाली जिवंतपणी पाहता येतो. मेचनिकोव्ह यांना असे दिसले की, एका यीस्टचे सुईसारखे टोकदार बीजाणू या जीवाच्या आतड्याची भिंत भेदून आत शिरतात. लगेच शरीरातल्या फिरत्या पेशी धावून येतात, बीजाणूला घेरतात आणि गिळून टाकतात. पेशी जिंकल्या तर पाणपिसू जगते. यीस्ट जिंकले तर ती मरते.

आपल्या रक्तातील पांढऱ्या पेशी जंतूंना गिळतात, या सिद्धान्ताला या निरीक्षणाने मोठा आधार दिला. त्यासाठी मेचनिकोव्ह यांना १९०८ चे नोबेल पारितोषिक पॉल एर्लिख यांच्यासमवेत मिळाले. त्या यीस्टच्या प्रजातीला आज ‘मेचनिकोव्हिया’ असे त्यांचेच नाव आहे. तिच्या अनेक जाती पुढे फुलांत आणि फुलांवर येणाऱ्या भुंग्यांत सापडल्या.

ओडेसा येथे मेचनिकोव्ह यांच्या हाताखाली शिकलेला एक विद्यार्थी म्हणजे वॉल्डेमार हाफकिन. मुंबईत प्लेगने थैमान घातले तेव्हा, १८९६ च्या ऑक्टोबरात, ते येथे आले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका लहानशा जागेत त्यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. १९२५ मध्ये तिला हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव मिळाले. के. ई. एम. रुग्णालयापासून हाकेच्या अंतरावर असलेली हीच ती वास्तू. पाणपिसूच्या पोटातले यीस्ट पाहणाऱ्या गुरूचा शिष्य परळला येऊन लक्षावधी लोकांना पुरेल अशी लस करू लागला, हा इतिहास आरोग्याची आस्था असणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवण्यासारखा आहे.

नवी जात ओळखतात कशी?

किडा पकडायचा आणि त्याचे पोट फाडायचे, इतके हे सोपे नाही. किड्याच्या अंगावर धूळ, परागकण आणि बाहेरची बुरशी असते. म्हणून त्याला आधी एक-दोन दिवस उपाशी ठेवतात. त्यामुळे पोटात नुसते वाटेने चाललेले सूक्ष्मजीव बाहेर पडतात आणि कायमचे बिऱ्हाड केलेले तेवढे राहतात. मग अंग बाहेरून जंतुनाशकाने धुऊन आतडे बाहेर काढतात आणि ते कुस्करून खाद्य घातलेल्या जेलीवर पसरतात. जेली थोडी आंबट ठेवली की बहुतेक जिवाणू मागे पडतात आणि यीस्टचे पांढरट ठिपके वाढतात.

पुढचा प्रश्न, हे यीस्ट ओळखीचे की नवे? पूर्वी ते कोणकोणती साखर खाते आणि कोणती आंबवते यावरून ठरवीत. आज त्याच्या डी. एन. ए. मधील सुमारे सहाशे अक्षरांचा एक ठरावीक तुकडा वाचतात आणि ज्ञात जातींशी ताडून पाहतात. शंभरात एकाहून अधिक अक्षरांचा फरक निघाला तर बहुधा ती निराळी जात असते. तरीही साखरेच्या चाचण्या कराव्याच लागतात. नुसत्या नावाने भागत नाही, गुणही पाहावे लागतात.

या पद्धतीने अमेरिकेतील लुईझियाना राज्यातील सुंग-ओई सू, मेरेडिथ ब्लॅकवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन वर्षे भुंगेऱ्यांची पोटे तपासली. २००५ मध्ये त्यांनी जाहीर केले की, मिळालेल्या सुमारे ६५० यीस्टपैकी निदान २०० जाती शास्त्राला पूर्णपणे नव्या होत्या. जगातील यीस्टची यादी देणाऱ्या २०११ च्या प्रमाणग्रंथात जवळजवळ १५०० जाती आहेत. त्यावरून या २०० चे मोल कळावे. काही वर्षांच्या भुंगेऱ्यांच्या शोधाने शतकाहून अधिक काळच्या यादीला एवढी भर पडू शकते!

आपल्या शेजारचे उदाहरण पाहू. बेळगावच्या पलीकडे धारवाडला कर्नाटक विद्यापीठ आहे. तेथील डेलिसिया बारेटो आणि श्यामकुमार वूतला यांनी तुतीची पाने खाणाऱ्या रेशीमकिड्याच्या अळीच्या आतड्यातून एक नवे यीस्ट वेगळे केले. २०१८ मध्ये ते प्रसिद्ध झाले. त्याचे नाव ‘ब्लास्टोबोट्रिस बॉम्बिसिस’. नाव वाचून मुंबईशी नाते जोडू नये. रेशीमकिड्याचे शास्त्रीय नाव ‘बॉम्बिक्स’ आहे, त्यावरून ते ठेवले आहे. हे यीस्ट ‘झायलोज’ नावाची साखर आंबवते.

यात विशेष काय? उसाच्या रसातील किंवा द्राक्षातील साखर आंबवणे यीस्टला सोपे असते. लाकूड, पाने, काड, उसाची चिपाडे यांत मात्र झायलोज मोठ्या प्रमाणात अडकलेले असते आणि बेकरीतल्या नेहमीच्या यीस्टला ते आंबवता येत नाही. किड्यांचे तसे नाही. लाकूड पोखरणारे भुंगेरे आणि पाने खाणाऱ्या अळ्या लाखो वर्षे हाच आहार घेत आल्या आहेत. त्यांच्या पोटातील काही यीस्टना ही अवघड साखर पचवण्याची कला साधली आहे. साखर कारखान्यातल्या चिपाडापासून इंधनाचे अल्कोहोल काढायचे तर अशीच यीस्ट हवीत. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी त्यासाठी म्हशीच्या पोटातील यीस्टही तपासली आहेत. म्हैस आणि रेशीमकिडा दोघेही पानावर जगतात, तेव्हा दोघांच्या पोटात अशी यीस्ट शोधणे योग्यच म्हणायचे.

मुंबईचा डास आणि एका यीस्टची दोन रूपे

आता खास डॉक्टरी भागाकडे वळू. मुंबईत हिवताप पसरवणारा मुख्य डास म्हणजे ‘ॲनॉफिलिस स्टीफेन्सी’. त्याचे वर्णन लिस्टन या डॉक्टरांनी १९०१ मध्ये केले. त्याला गटाराचे घाण पाणी नको असते. विहिरी, गच्चीवरच्या टाक्या, पिंपे, बांधकामावर साठवलेले पाणी अशा स्वच्छ पाण्यात तो वाढतो. डॉ. बेंटली यांनी १९११ मध्ये मुंबईच्या हिवतापावर अहवाल दिला, तेव्हा शहरातील उघड्या विहिरींकडे बोट दाखवले. पुढे अनेक विहिरी झाकल्या गेल्या. गिरगावच्या जुन्या वाड्यांतून आजही झाकलेल्या विहिरी दिसतात. लालबाग-परळला गिरण्यांच्या जागी उंच इमारतींची कामे सुरू झाली, तेव्हा साचलेल्या पाण्याचा प्रश्न पुन्हा वेगळ्या रूपाने उभा राहिला.

२०११ मध्ये इटलीतील शास्त्रज्ञांनी या स्टीफेन्सी डासाच्या शरीरात ‘विकरहॅमोमायसेस अनॉमलस’ नावाचे यीस्ट सापडल्याचे जाहीर केले. हे यीस्ट नवे नव्हते. धान्य, फळे आणि आंबवलेले पदार्थ यांत ते पूर्वीपासून ठाऊक होते. डासात ते राहते, हे मात्र नवे होते. त्याची एक उपजात विषारी प्रथिन तयार करते. हिवतापाच्या परजीवीची डासाच्या पोटातील वाढ त्या प्रथिनामुळे रोखली जाते, असे प्रयोगशाळेत उंदरांच्या हिवतापाच्या परजीवीवर दिसून आले. याचा उपयोग करून डासालाच हिवताप पसरवण्यास नालायक करता येईल काय, यावर अभ्यास चालू आहे. हे अद्याप औषध नव्हे, हे वाचकांनी लक्षात ठेवावे.

आता याच यीस्टची दुसरी बाजू पाहा. त्याचे जुने नाव ‘पिचिया अनॉमला’. एप्रिल १९९६ ते फेब्रुवारी १९९८ या काळात चंदीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेत ३७९ नवजात बालके व मुले यांच्या रक्तात हे यीस्ट सापडले. तेथील डॉक्टरांनी चिकाटीने तपास केला, तेव्हा ते कर्मचाऱ्यांच्या हातांवरून पसरत असल्याचे आढळले. हातांच्या स्वच्छतेचे शिक्षण आणि बुरशीविरोधी औषधाचा प्रतिबंधक वापर यांनी साथ आटोक्यात आली. हा सर्व वृत्तांत त्यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केल्यामुळे जगभरच्या रुग्णालयांना धडा मिळाला.

हे कसे शक्य आहे? जे यीस्ट धान्यात निरुपद्रवी आणि डासात कदाचित उपकारक आहे, ते बाळाच्या जिवावर कसे उठते? उत्तर यीस्टमध्ये कमी आणि बाळाच्या अवस्थेत जास्त आहे. मेचनिकोव्ह यांची पाणपिसू आठवा. पहारेकरी पेशी सशक्त असतील तर यीस्ट गिळले जाते. महिने भरण्याआधी जन्मलेल्या बाळाच्या पेशी अपुऱ्या असतात, त्वचा कागदासारखी नाजूक असते, शिरेत नळी घातलेली असते आणि प्रतिजैविकांमुळे पोटातले नेहमीचे जिवाणू कमी झालेले असतात. दरवाजा उघडा आणि पहारेकरी झोपलेला, अशी स्थिती. तेथे पावाचे यीस्टही चोर ठरू शकते.

नाव कळणे का महत्त्वाचे?

कोकणातून अनेक कुटुंबे आजारी बाळ घेऊन परळच्या मोठ्या रुग्णालयांत येतात. ‘रक्तात फंगस आहे’ हे ऐकून नातेवाईक लोणच्यावरची बुरशी डोळ्यांपुढे आणतात आणि घरातल्या अस्वच्छतेला, बहुधा बाळाच्या आईला, दोष देऊ लागतात. एका आजींनी सुनेकडे पाहत मला विचारले होते, ‘डॉक्टर, हिने काही आंबट खाल्ले म्हणून झाले का हो?’ तसे काही नसते. आईच्या खाण्याचा याच्याशी संबंध नाही. अशा वेळी आईला धीर द्यावा, दोष देऊ नये.

डॉक्टर मात्र त्या वेळी एकाच प्रश्नाच्या मागे असतात, यीस्ट कोणते? कारण सर्व यीस्टना एकच औषध चालत नाही. ‘फ्लुकोनाझोल’ हे स्वस्त आणि परिचित औषध आहे, पण ‘कँडिडा क्रुसी’ या यीस्टवर ते मुळातच चालत नाही. या यीस्टची एक गंमत सांगण्यासारखी आहे. डॉक्टर त्याला कँडिडा क्रुसी म्हणत आणि अन्नपदार्थांचे शास्त्रज्ञ ‘पिचिया कुद्रियावझेवी’. आंबवलेल्या पदार्थांत आणि फळांवर सापडणारे यीस्ट आणि रुग्णाच्या रक्तातले यीस्ट एकच आहे, हे संपूर्ण जनुकसंच ताडून २०१८ मध्ये निर्विवाद दाखवले गेले. एकाच माणसाला गावी एका नावाने आणि मुंबईत दुसऱ्या नावाने ओळखावे, तसला प्रकार!

‘कँडिडा ऑरिस’चे उदाहरण याहून गंभीर आहे. २००९ मध्ये जपानमध्ये एका वृद्ध महिलेच्या कानात सापडलेल्या या यीस्टला लॅटिनमधील ‘कान’ या शब्दावरून नाव मिळाले. पुढे काही वर्षांतच ते भारतासह अनेक देशांतील रुग्णालयांत आढळले. सुरुवातीला प्रयोगशाळांतील यंत्रे त्याला जवळच्याच दुसऱ्या जातीचे नाव देत. फ्लुकोनाझोलला ते बहुधा दाद देत नाही; म्हणजे चुकीच्या नावामागोमाग चुकीचे औषध जाण्याचा धोका. २०२१ मध्ये अंदमानच्या समुद्रकिनाऱ्यावर ते रुग्णालयाबाहेरही सापडल्याचे प्रसिद्ध झाले. यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. उद्या रुग्णालयात कोणता जंतू येईल, त्याचा पत्ता आज फळावर, किनाऱ्यावर किंवा एखाद्या भुंग्याच्या पोटात असू शकतो. तो पत्ता आधीच नोंदलेला असेल तर निदानाला वेळ लागत नाही. किड्यांच्या पोटातली यीस्ट शोधणे म्हणजे रिकामटेकडेपणा नव्हे, ते यासाठी.

अर्थात सर्व यीस्ट वैरी नव्हेत. जुलाबासाठी डॉक्टर पुडीतून जे ‘सॅकरोमायसेस बुलार्डी’ देतात, ते यीस्टच आहे. फ्रेंच शास्त्रज्ञ आन्री बुलार यांनी १९२० च्या दशकात इंडोचायनात स्थानिक फळांच्या सालींवरून ते मिळवले. मात्र शिरेत मोठी नळी घातलेल्या अत्यवस्थ रुग्णाला हेही जपूनच, किंबहुना शक्यतो न देणे बरे.

घरच्यांनी काय करावे?

१. फळांवरील चिलटांना घाबरू नये. ती चावत नाहीत. निरोगी माणसाने फळाबरोबर थोडे यीस्ट खाल्ले तरी काही होत नाही. फळे झाकून ठेवावीत, साली रोजच्या रोज टाकाव्यात.

२. रस्त्यावर कापून ठेवलेली पपई-कलिंगडे आणि उघड्यावरचा उसाचा रस टाळावा. तेथे भीती यीस्टची नाही. घरमाश्या, अस्वच्छ पाणी आणि अशुद्ध बर्फ यांतून येणारे विषमज्वर, कावीळ आणि जुलाब यांचे जंतू तेथे असतात.

३. एक वर्षाखालील बाळाला मध चाटवू नये. बाळगुटीतूनही देऊ नये. मधात मधमाश्यांकडून आलेली यीस्ट असतात. मधातले पाणी वीस टक्क्यांच्या वर गेले की ती जागी होतात आणि मध फेसाळतो. पण खरा धोका वेगळा आहे. मधात कधी कधी ‘बोट्युलिझम’ या रोगाच्या जिवाणूचे बीजाणू असतात. मोठ्यांना ते बाधत नाहीत. तान्ह्या बाळाच्या आतड्यात मात्र ते रुजून बाळाचे स्नायू लुळे पाडू शकतात.

४. अशक्त किंवा अपुऱ्या दिवसांच्या बाळाला पाहायला गर्दी करू नये. बाळाला हात लावण्यापूर्वी प्रत्येकाने, मग ती आजी असो वा डॉक्टर, अंगठ्या-बांगड्या काढून साबणाने हात धुवावेत. ‘डॉक्टर, हात धुतलेत ना?’ असे विचारण्यात अपमान नाही.

५. मधुमेहींच्या जांघेत, स्त्रियांच्या योनिमार्गात किंवा तोंडात पांढरा थर आणि खाज येते, ती बहुधा ‘कँडिडा’ या यीस्टमुळे. ते किड्यांकडून येत नाही, आपल्याच शरीरात राहते आणि रक्तातली साखर वाढली की माजते. दुकानातून स्टेरॉइडमिश्रित मलम आणून चोळू नये. त्याने खाज थांबते आणि रोग वाढतो. आधी साखर तपासावी. वारंवार मनाने प्रतिजैविके घेतल्यानेही हे दुखणे मागे लागते.

६. पाण्याच्या टाक्यांना घट्ट झाकण हवे. पिंपे आठवड्यातून एकदा रिकामी करून, घासून कोरडी करावीत. गणपतीला किंवा शिमग्याला मुंबईहून आलेल्या माणसाला थंडी वाजून ताप आला तर ‘मुंबईहून आलो’ हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे आणि गोळी घेण्याआधी रक्त तपासून घ्यावे. डासातले यीस्ट आपल्यासाठी हिवतापाशी लढेल तेव्हा लढेल. तोवर टाकीचे झाकण आपल्यालाच लावायचे आहे.

७. रुग्णालयात रक्ताच्या ‘कल्चर’साठी पुन्हा पुन्हा रक्त घेतले तर कुरकुर करू नये. यीस्ट वाढायला वेळ लागतो आणि त्याचे नाव कळल्याशिवाय योग्य औषध ठरत नाही. रुग्णाला दुसऱ्या रुग्णालयात हलवताना जुने कल्चरचे कागद बरोबर न्यावेत. त्या कागदावरच्या एका नावाने पुढच्या डॉक्टरांचे दोन-तीन दिवस वाचतात आणि अशा आजारात दोन-तीन दिवस फार मोठे असतात.